लांडग्याचा वाटा

फार फार वर्षांमागची ही गोष्ट. गावांना वेशी होत्या, पण वेशीवर गावाचं नाव लिहायची पद्धत अजून पडली नव्हती, त्या काळातली. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

एका मोठ्या माळाच्या काठावर एक गाव होतं. माळ म्हणजे नुसतं गवत. मधूनच एखादं हिवराचं झाड, एखादी बोर, बाकी नजर पोचेल तिथवर गवतच. पावसाळ्यात ते हिरवं होई, दिवाळीनंतर पिवळं आणि उन्हाळ्यात पांढरं पडे. या गवतावर गावची मेंढरं जगत, काळवीट जगत आणि लांडगेही जगत. मेंढरं आणि काळवीट गवत खात. लांडगे काळवीट खात. कधी पोट भरलं नाही तर एखादं कोकरू उचलत. धनगर चार शिव्या देत आणि मेंढरं पुढे हाकत.

त्या गावात लखमा नावाचा एक माणूस होता. फासकी लावण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. फासकी म्हणजे जनावराच्या वाटेवर लावलेला दोरीचा फास. लखमा जमिनीवरचे काळविटांचे खूर बघून सांगे, "चार माद्या, एक नर. नर डाव्या पायाने लंगडतोय." आणि दुपारपर्यंत तो लंगडा नर गावात आलेला असे.

गावाला लखमाचं कौतुक होतं. लग्न निघालं की लखमाला निरोप. जत्रा आली की लखमाला निरोप. पाटलाच्या दारावर पिळदार शिंगांची जोडी लागली, तेव्हा शेजाऱ्यालाही ती हवीशी वाटली, मग त्याच्या शेजाऱ्याला. लखमा कुणाला नाही म्हणत नसे.

अशी वर्षं गेली. शंभराच्या कळपाचे चाळीस झाले, चाळिसाचे नऊ झाले. मग एका वर्षी जत्रेसाठी लखमा दोन दिवस हिंडला आणि रिकाम्या हाताने परत आला. "यंदा नाहीत," एवढंच म्हणाला. पुढच्या वर्षीही नव्हते. लोकांनी बकरं कापलं, जत्रा पार पडली. घरातलं माणूस गेलं तर त्याची जागा रिकामी दिसते. काळवीट गेले तरी माळ होता तसाच दिसत होता. म्हणून कुणाला फारसं काही वाटलं नाही.

वाटलं ते लांडग्यांना. पूर्वी माळावर त्यांच्या तीन-चार टोळ्या होत्या. आता एकच जोडी उरली होती, एक नर आणि एक मादी. आणि ही जोडी आता आठ-पंधरा दिवसांनी मेंढरांवर पडू लागली.

गावात सगळ्यांत मोठा कळप ठकूबाईचा. साठीला आलेली बाई, पण अजून कळपामागे दिवसभर चाले. तिची अकरा कोकरं गेली. मग कुणाची शेळी गेली, कुणाचं करडू गेलं. एका दुपारी तर लांडगा वेशीच्या आत येऊन अंगणातली शेळी ओढून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर गाव जमलं.

पाटील म्हणाला, "लांडगे मातलेत. लखमा, दोन्ही मार. कातडी माझ्याकडे आणून टाक."

लखमाने मान हलवली. हे त्याच्या रोजच्या कामासारखंच काम होतं.

लांडग्यांचं बीळ ओढ्याच्या कडेला होतं. लखमाने येण्याजाण्याची वाट हेरली, फास लावले आणि झुडपाआड बसून राहिला. उजाडता उजाडता नर सापडला. लखमाने सोट्याने त्याचं काम संपवलं. मग मान वर करून बघितलं, तर पन्नास पावलांवर मादी उभी होती. बरगड्या मोजता येत होत्या. आचळं लोंबत होती, म्हणजे बिळात बच्चे होते. ती गुरगुरली नाही, पळालीही नाही. थोडा वेळ उभी राहिली आणि गवतात दिसेनाशी झाली.

लखमा तिथेच कातडं सोलायला बसला. मेंढरं खाऊन मातलेल्या जनावराच्या अंगावर चरबी असणार, असं त्याला वाटलं होतं. चरबी नव्हती. पोट फाडलं. आत बोराच्या आठळ्या होत्या, किड्यांचे पंख होते आणि चामड्याचा एक तुकडा होता. लखमाने तो तुकडा पाण्यात धुतला. ती कुणाच्या तरी तुटक्या वहाणेची वादी होती.

लखमा बराच वेळ ती वादी हातात धरून बसला. माणसाला पुष्कळ गोष्टी ठाऊक असतात, पण त्या एकमेकींना जोडायला तो कधी बसलेला नसतो. त्या सकाळी लखमा बसला होता.

तो मादीच्या मागे गेला नाही. सरळ चावडीवर आला आणि पाटलासमोर कातडं ठेवलं. त्यावर त्या आठळ्या आणि ती वादी ठेवली.

"हे काय?" पाटलाने विचारलं.

"लांडग्याच्या पोटात निघालं. आपण म्हणतो, तो मातलाय. तो वहाणा खात होता, पाटील."

"मग? दुसरा कुठाय?"

"दुसरी आहे. तिला मी मारणार नाही. ती मेंढरांवर येते, कारण तिला दुसरं काही राहिलंच नाही. जे होतं, ते मी धरून आणलं आणि आपण सगळ्यांनी खाल्लं."

चावडीवर कुजबूज झाली. एकजण म्हणाला, "आता काय, लांडगिणीला पंगत घालायची?" लोक हसले.

ठकूबाई हसली नाही. तिचीच कोकरं सगळ्यांत जास्त गेली होती, तेव्हा ती काय म्हणते याकडे सगळ्यांचे कान लागले.

"डोंगरापलीकडे माझं माहेर," ती म्हणाली. "तिथे त्यांनी लांडगे संपवले. ढोल वाजवले. दुसऱ्या वर्षी मेंढरांत रोग शिरला. आधी काय व्हायचं, आजारी मेंढरू मागे राहायचं आणि लांडगा ते उचलायचा. आता ते कळपातच राहिलं, सगळ्यांना लागण झाली. माझ्या भावाकडे आज एक मेंढरू नाही. मला लांडगा नको असं नाही. तो रोज माझ्याच दारात नको, एवढंच."

"मग करायचं काय?" पाटील वैतागला.

"मी काळवीट परत आणतो," लखमा म्हणाला.

आता मात्र कुणी हसलं नाही. असं काही असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. गेलेलं जनावर परत आणतात, हे गावात कुणी ऐकलेलं नव्हतं.

पाटील कडक होता, पण सांगितलेलं ऐकून घेणारा होता. तो म्हणाला, "दोन दिवाळ्या थांबतो. तोवर माळावर काळवीट चरताना दिसले नाहीत, तर ती लांडगीण मारायची. आणि तूच मारायची."

लखमाने कबूल केलं.

तीन दिवसांच्या वाटेवर एक देवाचं कुरण होतं. तिथे कुणी कुऱ्हाड चालवत नसे, कुणी फासकी लावत नसे. शिदबा नावाचा म्हातारा ते कुरण राखत होता. तिथे काळवीट होते, गवताला जड व्हावेत इतके. लखमा त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"नाव काय?" शिदबाने विचारलं.

"लखमा."

"म्हणजे ज्याने पलीकडचा माळ मोकळा केला, तो तू."

लखमाने मान खाली घातली. "होय बाबा. तोच."

"मग आता इथे कशाला आलास?"

"मी संपवले, तेवढे परत न्यायला आलोय. जिवंत."

शिदबाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मारणाऱ्याला जिवंत धरता येतं होय?"

"येत नाही. शिकेन म्हणतो."

शिदबा म्हणाला, "मग एक उन्हाळा इथे राहा. फासकीला हात लावायचा नाही. नुसतं बघायचं."

लखमा राहिला. त्याने जन्मभर काळवीट पाहिले होते, पण ते पाहणं धरण्यापुरतं होतं. आता त्याने पाहिलं की कळप मिरवणाऱ्या काळ्या नराच्या मागे जात नाही, एका म्हाताऱ्या मादीच्या मागे जातो. त्याने पाहिलं की काळवीट माणसाच्या डोक्याइतकी उडी सहज मारतात, पण पलीकडचं दिसत नसेल तर तिथे उडी मारत नाहीत. खारट मातीची एक जागा होती. दर दोन-तीन दिवसांनी सगळे ती चाटायला येत.

ज्येष्ठात शिदबाने परवानगी दिली. लखमाने मऊ दोरीचे फास केले आणि पाच काळवीट धरले. एकालाही खरचटलं नाही. पाय बांधून, गाडीत गवताची गादी करून तो निघाला. पहिला काळवीट गाडी कुरणाबाहेर पडायच्या आत मेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाचही मेले. कुणाच्या अंगावर जखम नव्हती, कुणी ओरडलं नव्हतं. नुसते धसक्याने गेले.

लखमाने तिथेच खड्डा खणून पाचही पुरले. फासकी लावायला लागल्यापासून त्याच्या हातून गेलेल्या जनावरांची गणती नव्हती. त्यासाठी त्याचे डोळे कधी ओले झाले नव्हते. त्या दिवशी झाले.

तो रिकामी गाडी घेऊन घरी आला. पावसाळा सुरू झाला होता. आठ दिवस तो ओसरीवर बसून राहिला. त्याची बायको गिरजा कामाची बाई होती. तिला बसलेला माणूस बघवत नसे.

"झालं तरी काय?" तिने विचारलं.

"हात लावला की मरतात, गिरजा. मी धरतो आणि ते मरतात. माझ्या हातालाच ती सवय लागलीय."

गिरजा म्हणाली, "मग हात लावताच कशाला? कोंबडी धरताना मी काय करते, बघितलंय का कधी? मागे धावले तर ती जीव घेऊन पळते. चार दाणे टाकते, दाण्यावर आली की वरून डालगं झाकते. अंधार झाला की ती गुमान बसते. मग डालग्यासकट उचलून कुठेही न्या."

लखमा ओसरीवरून उठला.

त्या पावसाळ्यात गावात वेगळंच काम सुरू झालं. गिरजाने आळीतल्या बायकांना गोळा केलं आणि गवताच्या पुरुषभर उंचीच्या तट्ट्या विणायला घेतल्या. ठकूबाईने घरातल्या सगळ्या घोंगड्या काढून दिल्या, आणि आपल्या भाऊबंदांकडूनही आणल्या. "पाऊस सरत आलाय, आता न्या. थंडीच्या आत परत पाहिजेत," म्हणाली. त्या थंडीच्या आत परत आल्या नाहीत, आणि तिने त्या मागितल्याही नाहीत.

पहिली दिवाळी झाली. लखमा आठ गाड्या घेऊन पुन्हा कुरणावर गेला. शिदबा म्हणाला, "पुन्हा पाच मेले तर सहावा मिळणार नाही."

"नाही मिळाला तरी चालेल," लखमा म्हणाला. "मी यावेळी धरणारच नाही."

खारट मातीच्या जागेपासून त्याने तट्ट्यांच्या दोन ओळी उभ्या केल्या. सुरुवातीला त्या एकमेकींपासून लांब होत्या, पुढे जवळ येत गेल्या, सुपासारख्या. एका दिवसात दोनच तट्ट्या उभ्या करायच्या, असा त्याने नेम केला. काळविटांनी पहिल्या दिवशी लांबूनच वळसा घातला. चौथ्या दिवशी वास घेतला. महिन्याभरात त्यांना तट्ट्या म्हणजे झाडंझुडपं वाटू लागल्या. लखमा रोज खारट माती थोडी थोडी आत नेऊन टाकी. शेवटच्या अरुंद तोंडाशी, घोंगड्यांनी सगळीकडून झाकलेल्या आणि जमिनीलगत टेकवलेल्या गाड्या उभ्या होत्या. बैल सोडलेले होते.

एका सकाळी म्हातारी मादी आपल्या पायाने आत चालत आली. मागून कळप आला. लखमाने मागची तट्टी सरकवली. कुणी ओरडलं नाही, कुणी धावलं नाही. गाडीवानांना त्याने बजावून ठेवलं होतं की शिंकसुद्धा आली तर नाक दाबा. काळवीट पुढे सरकत गेले आणि एकेका अंधाऱ्या गाडीत शिरले. अंधारात गेल्यावर ते खरंच गुमान बसले.

बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून ठेवल्या होत्या. तीन दिवसांची वाट त्यांनी पाच दिवसांत कापली. एकोणीस काळवीट निघाले होते. दोन वाटेत गेले, सतरा पोचले.

माळाचा एक मोठा तुकडा लखमाने बाभळीच्या काट्यांचं उंच, दाट कुंपण घालून ठेवला होता. त्या तुकड्यावर आधी गावची मेंढरं चरायला जात. लोकांनी कुरकुर केली, पण पाटलाने शब्द दिला होता, म्हणून सोडला. काळवीट लगेच मोकळे सोडले असते, तर वाट फुटेल तिकडे गेले असते. हा माळ आपला आहे हे त्यांना अजून कळायचं होतं.

दिवस गेले. पावसाळ्यात आठ पाडसं झाली. लखमा आणि गिरजा कुंपणालाच झोपडी बांधून राहत. लखमाला प्रत्येक जनावर ओळखू येऊ लागलं. त्यातल्या एका मादीचा कान वाटेत गाडीच्या खुंटीला लागून फाटला होता. लखमाने तिच्या कानाला हळद लावली होती. ती त्याच्या हातून गवत घेई. इतर कुणाच्या हातून घेत नसे.

इकडे लांडगिणीच्या चार बच्च्यांतला एक जगला होता. ती मेंढरांवर येतच होती. एके दिवशी ठकूबाई तरातरा झोपडीवर आली.

"काल तीन नेली," ती म्हणाली. "एका दिवसात तीन. मीच म्हटलं होतं मारू नका, म्हणून गप्प बसले. पण माझ्या सुना आता मला बोलतात. अजून किती दिवस, लखमा?"

"थोडे दिवस, मावशी. गवत वाढू दे."

"गवत वाढलंय," ठकूबाई म्हणाली, आणि आली तशी निघून गेली.

दुसरी दिवाळी झाली. पाटलाच्या मुलीचं लग्न ठरलं. पाटील स्वतः कुंपणाशी आला आणि आतले काळवीट बघत उभा राहिला. मोठा नर तेव्हा ऐन काळा झाला होता.

"लखमा, व्याही मोठे आहेत," पाटील म्हणाला. "एक नर दे. एकच."

"नाही जमायचं, पाटील."

"अरे, शेवटी हे लांडग्याच्याच पोटात जायचेत ना? मग पाहुण्यांच्या पोटात गेला एक, तर काय बिघडलं?"

प्रश्न सोपा नव्हता. लखमा म्हणाला, "लांडग्याला दुसरं काही शिजवता येत नाही. पाहुण्यांना तुम्ही पुरणपोळी वाढू शकता."

पाटलाला राग आला, पण बोलणं खरं होतं. तो म्हणाला, "ठीक. पण दोन दिवाळ्या झाल्या. माळावर काळवीट चरताना दिसतील, असं तू कबूल केलं होतंस. हे तर तुझ्या कुंपणात चरतायत आणि लांडगीण मेंढरं खातेय. उद्या कुंपण उघड. नाहीतर फासकी काढ."

पाटील गेला. लखमा कुंपणाशी उभा राहिला. फाटक्या कानाची मादी जवळ आली. तेव्हा लखमाला कळलं की गवत वाढायची वाट आपण बघतच नव्हतो. गवत केव्हाच वाढलं होतं. त्यालाच उघडायचं नव्हतं.

"गिरजा, हिला तेवढी मागे ठेवू या का?" त्याने विचारलं.

गिरजा चुलीशी होती. ती म्हणाली, "हिला ठेवाल, मग हिच्या पाडसाला ठेवाल, मग म्हातारीला ठेवाल. मग हा गोठाच झाला की. गोठ्यासाठी एवढा खटाटोप कशाला केला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लखमाने चार ठिकाणी काटे ओढून वाटा केल्या. काळवीट दोन दिवस बाहेर पडलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हातारी मादी बाहेर पडली, मागून कळप. फाटक्या कानाची सगळ्यांत शेवटी गेली.

लांडगिणीला वास लागला. पण शिकार ती विसरल्यासारखी झाली होती. पहिल्या दिवशी ती उघड्यावर धावली आणि काळवीट हसल्यासारखे उड्या मारत निघून गेले. तिने दुसऱ्या दिवशी प्रयत्न केला, चौथ्या दिवशी केला. लखमा लांबून बघत होता. ती चुकली की त्याला बरं वाटे, आणि बरं वाटलं की स्वतःचीच लाज वाटे.

नवव्या दिवशी ती गवतात पोट टेकून पडून राहिली. तिचा वाढलेला बच्चा दुसऱ्या बाजूने आला. कळप उधळला आणि तिच्याच अंगावरून गेला. एक जनावर मागे पडलं. धूळ बसल्यावर लखमा जवळ गेला. लांडगीण वीस पावलं मागे सरली आणि उभी राहिली. गवतात पडलेल्या मादीचा कान फाटलेला होता.

लखमा परत कुंपणाकडे धावला. काट्यांची फांदी ओढून वाट बुजवायला लागला. उरलेले अजून जवळच होते, त्यांना वळवून आत आणता आलं असतं. हातांतून रक्त आलं तरी तो ओढत होता.

ठकूबाई मेंढरं घेऊन तिथूनच चालली होती. ती थांबली. झालं ते तिला विचारावं लागलं नाही.

"माझं पहिलं कोकरू गेलं, तेव्हा मी लग्न होऊन आलेली पोर होते," ती म्हणाली. "त्याला मी वाटीने दूध पाजलं होतं. सासऱ्याने मला रडू दिलं. मग म्हणाला, रडून झालं असेल तर कळप हाक, बाकीच्यांना भूक लागलीय."

लखमाने हातातली फांदी खाली टाकली. मागे वळून बघितलं, तर लांडगीण आणि तिचा बच्चा खात होते. दोन वर्षांत त्याने त्यांना पोटभर खाताना कधी पाहिलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात गावाची दोनच कोकरं गेली. पुढच्या वर्षी डोंगराकडून एक परका नर लांडगा आपण होऊन आला आणि लांडगिणीजवळ राहिला. त्यांना बच्चे झाले. काळविटांना लांडगे खात होते, तरीही ते वाढत होते, कारण त्यांना खाणारं आता लांडग्याचं एकच तोंड होतं आणि ते भूक लागेल तेवढंच खात होतं. सतराचे पाच वर्षांत साठ झाले. पाटलाने दवंडी पिटवली की माळावर कुणी फासकी लावायची नाही. लखमाला माळाचा राखणदार नेमलं. आजारी मेंढरं लांडगे उचलत, त्याला कुणी आता चोरी म्हणत नसे.

एका थंडीतल्या सकाळी ठकूबाई कळप घेऊन ओढ्याकाठून निघाली. वाटेच्या बाजूलाच, कोवळ्या उन्हात, तीन लांडगे पसरले होते. पोटं भरलेली होती. तिचे कुत्रे भुंकले, मेंढरं दाटीवाटीने एकमेकांना बिलगली. एका लांडग्याने मान उचलून बघितलं, जांभई दिली आणि पुन्हा डोकं पंजांवर ठेवलं. ठकूबाईने काठीने मेंढरांना वाट दाखवली. पुढची मेंढरं निघाली, मागची निघाली, आणि अख्खा कळप लांडग्यांसमोरून पलीकडच्या गवतात उतरला.

तात्पर्य : दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून घेऊन वर त्यालाच चोर म्हणू नये, आधी त्याचा घास त्याला परत द्यावा.